अध्यक्षांच्या नावाचे वॉरंट

मुंबईच्या किल्ला कोर्टाच्या दारात एके काळी अशिलांची पळवापळवी चाले. आरोपीचे नातेवाईक कागदपत्रे हातात धरून आत शिरले, की दारात टपून बसलेले काही काळे कोटवाले त्यांच्यावर झडप घालत. कोणी कागद हिसकावी, कोणी दुसऱ्याच्या निम्म्या फीत काम करून देतो म्हणून सांगे, आणि कोर्टाच्या आवारातच वकील वकिलाच्या अंगावर जाई. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने चौकशी केली आणि त्यांतल्या काहींची सनद तीन वर्षांसाठी निलंबित केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने अपिलात त्यांना सोडून दिले. महाराष्ट्राच्या कौन्सिलला ते पटले नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे आधी हाच वाद निघाला की कौन्सिलला असे अपील करण्याचा अधिकार तरी आहे का. १९७५च्या उत्तरार्धात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘आहे’ असा निकाल दिला.

तेव्हा देशात आणीबाणी होती. कोणालाही कारण न सांगता घरातून उचलून नेता येत होते. पण किल्ला कोर्टाच्या दारातली ही ओढाताणही क्षुल्लक नव्हती. बार कौन्सिलचे एरवीचे काम हेच असते: सनद द्यायची, तक्रारी ऐकायच्या, लॉ कॉलेजांवर नजर ठेवायची, बिघडलेल्या वकिलाचा कान धरायचा. १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने राज्याराज्यांत कौन्सिले उभी केली आणि त्यांच्या डोक्यावर बार कौन्सिल ऑफ इंडिया बसवली. मोतीलाल सेटलवाड तिचे पहिले अध्यक्ष. प्रत्येक राज्याने निवडून दिलेला एक सदस्य, शिवाय देशाचे ॲटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल पदसिद्ध, अशी तिची घडण. या मंडळाचा अध्यक्ष कधी सरकारच्या डोळ्यांत खुपेल, असे १९६१ साली कोणाच्या मनातही आले नसावे.

आणीबाणीत त्या खुर्चीवर राम जेठमलानी होते.

या पदासाठी कोणी सज्जन, सर्वमान्य वकील शोधायला निघाले असते, तर जेठमलानींपाशी थांबले नसते. १९६०च्या दशकापासून ‘स्मगलरांचे वकील’ ही त्यांची मुंबईतली ओळख. हाजी मस्तानसारख्यांच्या बाजूने उभे राहणारा, फौजदारी वकिलीत भरपूर पैसा करणारा, संध्याकाळी व्हिस्कीचा पेला लपवण्याची गरज न वाटणारा हा सिंधी माणूस हायकोर्टाच्या जुन्या, मोजूनमापून बोलणाऱ्या बारमध्ये फारसा बसत नव्हता. टीकेवर त्यांचे उत्तर ठरलेले असे: आरोपीचे वकीलपत्र घेणे हे वकिलाचे काम आहे, आणि कोण दोषी ते कोर्टाने ठरवायचे. हे उत्तर सोयीचे होते, हे मान्य करायलाच हवे. पण त्या सोयीच्या उत्तरामुळेच एक गोष्ट घडली होती, आणि ती पुढे कामाला आली.

१९७४च्या सप्टेंबरात सरकारने ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्यात दुरुस्ती करून तस्करांनाही विनाचौकशी स्थानबद्ध करण्याची सोय केली आणि मुंबईतले नामांकित तस्कर आत गेले. डिसेंबरात ‘कॉफेपोसा’ हा खास त्यांच्यासाठीचा कायदा आला. सगळ्यांना आनंद झाला. तस्कर तुरुंगात गेला तर कोण रडणार? स्थानबद्धतेच्या हुकमातली कारणे पुरेशी आहेत का, ती आरोपीला त्याच्या भाषेत दिली का, निवेदन करायला वेळ मिळाला का, अशा प्रश्नांचा कीस तेव्हा तस्करांचे वकीलच काढत होते. आठ-नऊ महिन्यांनी तेच हत्यार जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई आणि हजारो कार्यकर्त्यांवर उपसले गेले, तेव्हा त्याची मूठ कुठे आणि पाते कुठे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांत जेठमलानी होते. नागरी स्वातंत्र्याची शिकवणी कोणाच्या खटल्यांतून मिळते याला काही धरबंध नसतो.

मुंबईत ते निर्वासित म्हणून आले होते. १४ सप्टेंबर १९२३ला सिंधमधल्या शिकारपूरला जन्म. शाळेत वरच्या वर्गात उड्या मारत तेराव्या वर्षी मॅट्रिक, सतराव्या वर्षी कायद्याची पदवी, तीही मुंबई विद्यापीठाची, कारण सिंधमधली कॉलेजे तेव्हा मुंबईला जोडलेली होती. वकिलीला २१ वर्षांची अट असताना १८व्या वर्षी खास परवानगीने ते उभे राहिले. कराचीत ए. के. ब्रोही यांच्याबरोबर भागीदारीत त्यांनी कचेरी काढली. हेच ब्रोही पुढे पाकिस्तानचे कायदामंत्री झाले. १९४८च्या सुरुवातीला कराचीत दंगली पेटल्या, आणि आता आपण तुझी सुरक्षितता सांभाळू शकणार नाही, असे ब्रोहींनी सांगितल्यावर जेठमलानींनी कराची सोडली. खिशात दहाची नोट होती आणि आधी छावणीत दिवस काढले, हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मुंबईतला त्यांचा पहिला मोठा खटला मुंबई सरकारच्या निर्वासितांविषयीच्या कायद्याविरुद्ध. त्या कायद्याने निर्वासितांना गुरांसारखे हाकता येत होते, अशी त्यांची तक्रार. खटला ते जिंकले. त्या वेळी मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई होते.

नंतर १९५९चा नानावटी खटला आला. मुंबईकराला तो पुन्हा सांगायची गरज नाही. जेठमलानी त्यात मृत प्रेम आहुजाची बहीण मेमी आहुजा हिच्या वतीने, म्हणजे सरकारी वकिलाच्या मागच्या बाकावर होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी ते अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, आणि हायकोर्टात सरकारची बाजू मांडणाऱ्यांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते. पुण्याचे चंद्रचूड आणि शिकारपूरचे जेठमलानी त्या खटल्यात एकाच बाजूला उभे होते. पुढच्या पंधरा वर्षांत एकजण सर्वोच्च न्यायालयावर पोचला, दुसरा बार कौन्सिलच्या अध्यक्षपदावर.

१२ जून १९७५ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यासाठी मुंबईचेच नानी पालखीवाला उभे राहिले. २४ जूनला न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी सशर्त स्थगिती दिली. २५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. पालखीवालांनी ब्रीफ परत केले. मुंबईच्याच बारमधून दिल्लीला गेलेले अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी २७ जूनला राजीनामा दिला. त्याच दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघाला: घटनेच्या कलम १४, २१ आणि २२खालचे हक्क बजावून घेण्यासाठी कोणालाही कोर्टात जाता येणार नाही.

पालखीवाला आणि नरिमन या दोघांचे पुढे पुष्कळ कौतुक झाले, आणि ते रास्तच. पण ब्रीफ परत करणे किंवा पद सोडणे ही एकट्या माणसाची कृती असते. वकील एकत्र येऊन काय करू शकतात, याची पहिली चाचणी मुंबईत झाली ती एका सभेच्या निमित्ताने. ‘राज्यघटनेखालील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य’ या विषयावर वकिलांची खासगी सभा १८ ऑक्टोबर १९७५ला जिना हॉलमध्ये ठरली. उद्घाटक माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, अध्यक्ष देशाचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. निमंत्रितांची सभा, बंद दाराआडची. पोलीस आयुक्तांनी ती घ्यायला परवानगी नाकारली. एन. पी. नथवानी आणि इतर वकील हायकोर्टात गेले आणि हायकोर्टाने ती बंदी रद्द ठरवली. खंडपीठावर न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर होते. सरकारवर शांतपणे, विधायक टीका करणे आणीबाणीतही गुन्हा होत नाही, असे हा निकाल सांगत होता. आज वाचताना हे इतके साधे वाटते, की ते लिहायला तेव्हा काय लागले असेल याची कल्पना येत नाही.

मुंबई हायकोर्टाने त्या काळात दोनतीनदा असा कणा दाखवला. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर कापणाऱ्या सेन्सॉरला न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी फेब्रुवारी १९७६मध्ये चपराक दिली. मिसाखालच्या कैद्यांच्या याचिका चालू शकतात, असे देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले, त्यांत मुंबईही होती. आणि याची किंमत वसूल झाली. नागपूर खंडपीठावर बसणारे अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. ललित यांना कायम केले गेले नाही. १९७६मध्ये देशभरातल्या १६ न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या, त्यांत मुंबईचेही न्यायमूर्ती होते.

बारची अवस्था एकसारखी नव्हती. सरकारी पॅनेलवर डोळा ठेवून गप्प बसणारे होते, इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या ठरावाला हात वर करणारेही होते. दिल्लीत मिसाखाली तुरुंगात असलेले प्राणनाथ लेखी बारच्या अध्यक्षपदी निवडून आले आणि तीस हजारी कोर्टाच्या आवारातल्या वकिलांच्या चेंबर्सवर बुलडोझर फिरला. मतपेटीतून काय निघाले आणि मग बुलडोझर कुठे गेला, हे दोन्ही वकिलांनी नीट पाहिले.

अशा दिवसांत जेठमलानी देशभर हिंडत होते. बार कौन्सिलचा अध्यक्ष म्हणून वकिलांच्या परिषदांना जाणे हे त्यांचे कामच होते. एरवी अशा भाषणांत वकिलीचा दर्जा, कनिष्ठांचे मानधन, कोर्टांतल्या जागांची टंचाई असे विषय असतात आणि जेवणाआधी टाळ्या होतात. १९७६च्या आरंभी केरळात पालघाटला वकिलांसमोर त्यांनी बोलायला सुरुवात केली ती थेट इंदिरा गांधी आणि त्यांची आणीबाणी यांवर. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला असल्यामुळे ते शब्द छापून येणे शक्यच नव्हते. पण सभेत पोलिसांचे लघुलेखक असतच. केरळातून त्यांच्या अटकेचे वॉरंट निघाले.

वॉरंट केरळचे, पण बजावायचे मुंबईत. इथे वकिली डोके चालले. अटक होऊन माणूस एकदा आत गेला, की मग मिसाचा हुकूम चिकटवायला किती वेळ लागणार? तेव्हा अटक होण्याआधीच मुंबई हायकोर्टात जायचे ठरले. आणि जेठमलानींच्या बाजूने वकीलपत्रावर नावे पडू लागली.

वकीलपत्र हा तसा कंटाळवाणा कागद. अशिलाची सही, तारीख, कोर्ट फीचा स्टॅम्प, आणि खाली ‘स्वीकारले’ म्हणून वकिलाची सही. मुंबईच्या बारमध्ये रोज असे शेकडो कागद तयार होतात आणि त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण हा कागद कोर्टाच्या फायलीत राहतो. त्यावरचे प्रत्येक नाव विरुद्ध बाजूला वाचता येते, आणि विरुद्ध बाजूला या वेळी सरकार होते. तीनशेहून अधिक वकिलांनी जेठमलानींसाठी नावे दिली. त्यांच्या पुढे उभे राहिले पालखीवाला. हायकोर्टाने अटकेला स्थगिती दिली.

पालखीवालांचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते. त्यांना हात लावताना दिल्लीलाही दोनदा विचार करावा लागला असता. माझे लक्ष जाते ते यादीतल्या नावांकडे. ज्याची वकिली महिन्याच्या महिन्याला घरभाडे निघेल इतपत आहे, ज्याला सरकारी काम मिळण्याची आशा आहे, ज्याचा भाऊ मंत्रालयात कारकून आहे, अशा माणसाने त्या कागदावर सही करणे ही वेगळी गोष्ट. आणि त्यांतले कितीजण जेठमलानींच्या प्रेमात होते? ज्यांना त्यांची स्मगलरांची वकिली खटकत होती, त्यांनाही दिसत होते की वॉरंट आलेले आहे ते बारने निवडलेल्या अध्यक्षाच्या नावावर, आणि तेही वकिलांच्या सभेत केलेल्या भाषणासाठी. माणूस आवडतो की नाही हा प्रश्न तिथे उरला नाही.

स्थगिती टिकली ती एप्रिलच्या अखेरीपर्यंत. नऊ उच्च न्यायालयांच्या निकालांविरुद्ध सरकारने केलेली अपिले सर्वोच्च न्यायालयात चालली होती. कैद्यांच्या बाजूने शांती भूषण, विठ्ठल महादेव तारकुंडे, सोली सोराबजी, नागपूरचे अरविंद बोबडे असे वकील होते. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल नीरेन डे. न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी त्यांना विचारले: एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तर त्याच्या माणसांना दाद मागता येईल का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे डे यांचे उत्तर होते. हेच नीरेन डे ॲटर्नी जनरल म्हणून बार कौन्सिल ऑफ इंडियाचे पदसिद्ध सदस्य, म्हणजे कागदोपत्री जेठमलानींच्या अध्यक्षतेखालच्या मंडळातले.

२८ एप्रिल १९७६ला निकाल लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती या चौघांनी सरकारचे म्हणणे मानले: आणीबाणीत स्थानबद्धाला उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे खन्ना विरुद्ध गेले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून बेग यांना मिळाले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

चंद्रचूडांचे नाव बहुमतात दिसले तेव्हा मुंबईच्या बाररूमला जो धक्का बसला, तो रायांच्या नावाने बसला नव्हता. राय यांच्याकडून कोणाची अपेक्षाच नव्हती. १९७३मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना बाजूला सारून त्यांना सरन्यायाधीश केले गेले होते. चंद्रचूड आपले होते, इथल्याच हायकोर्टात वाढलेले.

जेठमलानींच्या दृष्टीने त्या दिवशी हायकोर्टाची स्थगिती पोकळ झाली. आता सरकारला केरळच्या वॉरंटचीही गरज नव्हती. मिसाचा एक हुकूम पुरे होता, आणि त्यावर कोणतेही उच्च न्यायालय तोंड उघडू शकणार नव्हते. त्यांनी देश सोडला. आधी कॅनडा, मग अमेरिका. तिथे त्यांना राजकीय आश्रय मिळाला आणि डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात त्यांनी कायदा शिकवला. बाकीचा वेळ आणीबाणीविरुद्ध बोलण्यात गेला. त्यांचे विरोधक पुढे म्हणत, की बाकीचे तुरुंगात गेले आणि हे परदेशी. या आक्षेपात तथ्य आहे. आणीबाणीची पुढे चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकड्यांप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे आत गेली. त्यांतल्या बहुतेकांना विमानाचे तिकीट काढण्याचा पर्यायच नव्हता. पण पळून जाणारा गप्प बसला असता तर हा आक्षेप अधिक बोचला असता.

ते बाहेर असताना खुद्द खुर्चीचाच बंदोबस्त झाला. १९७६मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्ट बदलण्यात आला. यापुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अध्यक्ष निवडून यायचा नव्हता. ॲटर्नी जनरल पदसिद्ध अध्यक्ष होणार होते, आणि राज्यांतही ॲडव्होकेट जनरलांकडे तीच सूत्रे जाणार होती. याच दुरुस्तीत मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतली सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट ही जुनी दोन पायऱ्यांची पद्धत कायद्याच्या पुस्तकातून गेली, आणि गंमत म्हणजे मुंबईच्या फोर्टमध्ये त्याबद्दलचे बोलणे अधिक काळ टिकले. सॉलिसिटरांच्या कचेऱ्या आजही चालतात, तेव्हा ती काळजी अनाठायी होती. अध्यक्षाची निवडणूक बंद करणे मात्र साधे नव्हते. वॉरंटने एक माणूस गप्प करता येतो. खुर्ची सरकारी झाली की पुढे कोण बोलेल याची चिंताच मिटते. ज्याने हे कलम लिहिले त्याला बार कौन्सिलचे महत्त्व बारच्या पुष्कळ सदस्यांपेक्षा जास्त कळले होते, असे म्हणायला हवे.

त्या काळात केंद्रीय कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले. १९६२ ते १९६६ ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि न्यायमूर्तीच्या पगारात भागत नाही म्हणून त्यांनी पद सोडले होते. साडेतीन हजार रुपये हा तो पगार. चांगली वकिली चालणाऱ्याला तो कमी वाटणे समजण्यासारखे आहे. १९७१मध्ये ते वायव्य मुंबईतून लोकसभेवर गेले आणि कायदामंत्री झाले. घटनेची ४२वी दुरुस्ती त्यांनीच संसदेत मांडली. ज्या हायकोर्टात ते न्यायमूर्ती म्हणून बसले, त्याच हायकोर्टाचे अधिकार कापणारी कलमे तीत होती. विद्वान माणूस, वागण्याबोलण्यात सभ्य. बारमध्ये त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोलत नसे. १९७५नंतर हाच मोठा पेच होता: त्या काळातले वाईटसाईट सभ्य माणसांनी व्यवस्थित मसुदा करून केले.

१८ जानेवारी १९७७ला निवडणुका जाहीर झाल्या. वायव्य मुंबईतून गोखले पुन्हा काँग्रेसचे उमेदवार. जनता पक्षाने त्यांच्यासमोर जेठमलानींना उभे केले, आणि त्यांची उमेदवारी दाखल झाली तेव्हा ते परदेशातच होते. कायदामंत्री विरुद्ध ज्याच्यावर वॉरंट निघाले तो वकील, अशी लढत मुंबईकराला फार समजावून सांगावी लागली नाही. पालखीवाला, छागला अशी माणसे, जी एरवी निवडणुकीच्या मांडवात दिसली नसती, ती बोलायला उभी राहिली. जेठमलानी जिंकले. त्या निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, बी. सी. कांबळे, रतनसिंह राजदा आणि सुब्रह्मण्यम स्वामी हे बाकीचे पाच. सुमारे दहा महिन्यांनी देशात परतलेला निर्वासित लोकसभेत गेला.

पुढचा हिशोब थोडक्यात उरकता येतो. ज्यांना मुंबईत एक बंद दाराआडची सभा भरवू दिली नव्हती, ते जे. सी. शहा आणीबाणीच्या चौकशीचे आयोग झाले. जनता सरकारने १९७७मध्येच ॲडव्होकेट्स ॲक्ट पुन्हा बदलला आणि अध्यक्षाची निवडणूक परत आली. सरकारी पदामुळे खुर्चीवर बसलेल्यांना पायउतार व्हावे लागेल असे कलम त्यात स्पष्टपणे घातले. ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ गुंडाळता येणार नाही अशी तजवीज केली. आणि २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने १९७६चा तो निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय.

जेठमलानींना जनता सरकारात कायदामंत्री व्हायचे होते. ते झाले शांती भूषण. पंतप्रधान मोरारजी देसाईंना या माणसाची राहणी पसंत नव्हती. दारूबंदीचा कैवारी आणि व्हिस्कीचा चाहता यांचे मंत्रिमंडळात जमणे कठीणच. १९४८मध्ये गृहमंत्री असताना कोर्टात ज्या तरुण निर्वासित वकिलाशी त्यांचा सामना झाला होता, तो तीस वर्षांनी पुन्हा त्यांच्या दारात आला होता, आणि मोरारजी असे काही विसरत नसत.

नंतरची कारकीर्द म्हणजे वादांची माळ. इंदिरा गांधींच्या हत्येतल्या आरोपींचे वकीलपत्र, १९८७मध्ये बोफोर्सवर राजीव गांधींना रोज दहा प्रश्न, कधी भाजप, कधी स्वतंत्र, कधी आणखी कोणी. १९८४च्या डिसेंबरात वायव्य मुंबईने त्यांना घरी बसवून सुनील दत्तांना निवडले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात कायदामंत्रिपद अखेर मिळाले, आणि २०००च्या जुलैत गेलेही, कारण सरन्यायाधीश ए. एस. आनंद आणि ॲटर्नी जनरल सोली सोराबजी या दोघांशी त्यांचे जाहीर भांडण पेटले. १९७६च्या त्या दिवसांत सोराबजी आणि जेठमलानी एकाच बाजूला होते. या भांडणात खरे-खोटे काय ते आजही मतमतांतराचा विषय आहे, पण मंत्र्याच्या खुर्चीत बसल्यावर ॲटर्नी जनरलचा सल्ला आणि सरन्यायाधीशांचे मत जेठमलानींना जड जाऊ लागले, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता आले नाही. सरकारच्या बाजूने उभे राहण्याची कला त्यांना कधीच साधली नाही; त्यांचा जीव विरुद्ध बाजूच्या बाकावर रमे.

तिथे ते लगेच परतले. २०१०मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि जिंकली.